बासष्टपैकी बासष्ट

१

दोनला पाच कमी होते. दीपकनं कोल्ड रूमचं दार सरकवलं, एक पाऊल आत टाकलं आणि तिथूनच ओरडला, "मॅडम! लवकर या! लंकाबाई पडल्यात!"

उज्वला गायधनी तेव्हा ऑफिसात चहाचा कप हातात धरून स्वतःवर खूश होऊन बसली होती. खूश व्हायला कारणही होतं. दिंडोरी रस्त्यावरच्या या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये तासाभरापूर्वीच तिनं मॉक ड्रिल घेतलं होतं. कोल्ड रूम गार करणारा अमोनिया वायू गळतोय असं समजायचं, भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी हातातलं काम टाकून मैदानात जमायचं आणि आत कोणी राहिलं नाही ना, ते मोजायचं. संकट आल्यावर काय करावं याचे धडे नाशिकभरच्या कारखान्यांना देता देता तिची बावीस वर्षं सरली होती. आज एकला भोंगा झाला आणि दोन मिनिटं वीस सेकंदांत आकडा आला. बासष्टपैकी बासष्ट बाहेर. तो तिनं वहीत लिहिला आणि खाली जाडशी रेघ ओढली.

कप तसाच ठेवून ती धावली. कोल्ड रूममध्ये मोठे पंखे घोंघावत होते. द्राक्षांच्या क्रेटांच्या दोन थप्प्यांमध्ये लंकाबाई अंगाचं मुटकुळं करून पडली होती. ओठ निळे, डोळे मिटलेले, श्वास मात्र चालू. तिला उचलून बाहेर आणलं. गारठलेलं अंग चोळायचं नसतं हे उज्वला स्वतःच शिकवायची, म्हणून तिनं आपली गडद निळी ओढणी काढली, लंकाबाईचे पाय तिच्यात घट्ट गुंडाळले आणि मांडीवर धरून बसली. दहा मिनिटांत गाडी आली. ओढणी सोडवून घेऊन, गाडीतल्या ब्लँकेटात लपेटून, दोन बायका बरोबर देऊन लंकाबाईला शहरातल्या दवाखान्यात पाठवलं.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि मग कुठं उज्वलाच्या डोक्यात प्रकाश पडायच्या ऐवजी होता तोही विझला. एकला बासष्टच्या बासष्ट माणसं बाहेर मैदानात होती. लंकाबाई बासष्टातलीच. म्हणजे तीही बाहेर होती. ड्रिल संपल्यावर सगळ्या बायका जेवायला बसल्या. मग ही बंद दाराच्या आत गेली कशी? आणि आत गेल्यावर बाहेरून दार लावलं कोणी?

२

पॅकहाउसचा मालक मयुरेश जेमतेम चौतिशीचा होता. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याला आवाज न चढवता रागवायची सवय लागली होती.

"मॅडम, हे बघा," तो म्हणाला आणि त्यानं फरशीकडे बोट दाखवलं.

फरशीवर पांढरी पावलं उमटली होती. ड्रिलसाठी मैदानात जमायची जागा आखली होती. 'लांबून दिसली पाहिजे' असा मयुरेशशेठचा हुकूम, म्हणून अख्खा गोल फक्की टाकून पांढराफेक केला होता. त्या फक्कीची ही पावलं. पॅकहाउसमध्ये बाहेरच्या चपला कोणाच्याच चालत नाहीत. द्राक्षं खाण्याची वस्तू, म्हणून दाराशी रॅक आहे, तिथं चपला काढायच्या आणि आत अनवाणी वावरायचं. ही पावलं मात्र गमबुटाची होती. गमबूट घालून आतबाहेर करणारा माणूस एकच, कोल्ड रूम सांभाळणारा दीपक. पावलं दारापासून थेट कोल्ड रूमपर्यंत गेली होती आणि परत आली होती.

"परवाच लंकाबाईनं माझ्याकडे तक्रार केली होती, दीपक कामात फोनवर बोलत बसतो म्हणून. मी त्याला सगळ्यांसमोर झापला," मयुरेश म्हणाला. "आणि त्या दाराला आतून हिरवा गोटा आहे. दाबला की दार सुटतं. धडधाकट बाई तो दाबून बाहेर आली नसती? ती आत गेली तेव्हा शुद्धीत नव्हतीच, मॅडम. मी पाचला पोलिसांना फोन करणार आहे."

"आणि मी चूक निघाले तर?"

"तुम्ही कशा चूक? आकडा तुम्हीच लिहिलाय."

 कोल्ड रूमचं काम दीपकला उज्वलानंच शिकवलं होतं. नांदगावकडून आलेला, बोलायला बुजरा, घरी म्हातारे आईबाप. त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा आळ येणार, आणि तो तिच्याच वहीतल्या आकड्यावर उभा राहणार. घड्याळात अडीच वाजले होते.

"पाचपर्यंत मला विचारपूस करू द्या," ती म्हणाली.

खाली वाकून तिनं पावलं पुन्हा पाहिली. ती उंबऱ्यापाशी येऊन थांबली होती. आत, कोल्ड रूमच्या ओल्या फरशीवर, पांढरा ठिपकासुद्धा नव्हता. हे मनात टोचलं खरं, पण त्याचा अर्थ लागेना.

३

दीपक क्रेटावर बसला होता. हाताची बोटं एकमेकांत अडकवून तो ती नुसती पिळत होता.

"मॅडम, ड्रिलनंतर मी दारापर्यंत गेलो, बाहेरच्या मीटरवर तापमान बघितलं, वहीत लिहिलं नि आलो. दार उघडलंच नाय. आईच्यान."

"आणि भोंगा झाला तेव्हा?"

"तेव्हा दार लावून घेतलं. तुम्हीच शिकवलंय ना, गॅस पसरू नये म्हणून बाहेर पडताना दार लावायचं."

"लावण्याआधी आत तीन हाका मारायच्या, हेही शिकवलंय. मारल्यास?"

दीपकनं मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, हे देवालाच ठाऊक. "मारल्या असतील," तो पुटपुटला.

'मारल्या असतील' हे उत्तर उज्वलाला मुळीच आवडलं नाही. पण हाका न मारणं वेगळं आणि बाईला कोंडणं वेगळं. ती तिथून उठली आणि सुपरवायझर सईकडे गेली.

सईनं हजेरीची यादी पुढं केली. बासष्ट नावं, प्रत्येकापुढं बरोबरची खूण. खुणा इतक्या सरळ, इतक्या एकसारख्या की शाळेतल्या बाईंनी शाबासकी द्यावी.

"सई, उन्हात उभी राहून, बायकांच्या घोळक्यात, दोन मिनिटांत तू एवढ्या सुबक खुणा केल्यास?"

सईचा चेहरा पडला. "नाही मॅडम. सगळ्यांना टोप्या, मास्क. चेहरा कोणाचा दिसतोय? चिंतामणकाकांचा आकडा आला बासष्ट, मग मी ऑफिसात येऊन खुणा केल्या. काकांचा आकडा कधी चुकत नाही."

म्हणजे दोन साक्षीदार आहेत असं उज्वला धरून चालली होती, तो निघाला एकच. 

वॉचमन चिंतामण साठीला आलेला, मिशा पांढऱ्या, गणवेशाला कडक इस्त्री. त्याच्या केबिनीत भिंतीवर काचेची चौकट होती. गेल्या वर्षीच्या ड्रिलचं प्रशस्तिपत्र. 'सर्वात जलद मोजणी, अडीच मिनिटे.' खाली सही उज्वला गायधनीची. काच रोज पुसलेली दिसत होती.

"काका, आज बासष्ट मोजले ना नक्की?"

"म्हंजे काय! तेरा वर्सं मोजतोय मी. एक माणूस इकडचा तिकडं व्हनार नाय." चिंतामणची मान ताठ झाली. "त्या पोरानंच काईतरी केलं आसंल. नंतर."

"तुम्ही तेव्हा कुठं उभे होता?"

"हितंच. माझ्या जागेवर."

उज्वलानं खिडकीतून पाहिलं. समोर पॅकहाउसचं दार, दाराशी चपलांचा लांबलचक रॅक. मैदान पलीकडच्या भिंतीआड. ती स्वतः तर त्या वेळी इमारतीच्या मागं, भोंग्याच्या बटणाजवळ, हातात घड्याळ घेऊन उभी होती. आकडा तिनं वॉकीटॉकीवर ऐकला होता. डोळ्यांनी तिनं एकही माणूस पाहिलेला नव्हता.

इतक्यात सई धापा टाकत आली. "मॅडम, दवाखान्यातून फोन होता. लंकाबाई अजून शुद्धीवर नाहीत. आणि शेठनी वकिलांना बोलावलंय."

साडेतीन वाजले होते.

४

काही सुचत नसलं की उज्वला हाताला येईल ते काम करायची. लंकाबाईची मैत्रीण चतुराबाई दवाखान्यात जायला निघाली होती. तिच्याबरोबर लंकाबाईचा डबा, पिशवी आणि चपला पाठवाव्यात असं उज्वलाच्या मनात आलं. बिचारी घरी यायला निघेल तेव्हा पायात काय घालेल?

ती रॅकपाशी गेली. सगळ्या चपलांच्या कडा फक्कीनं पांढऱ्या झाल्या होत्या. "चतुराबाई, यातल्या लंकाबाईच्या कोणत्या?"

चतुराबाई तिच्याकडे बघतच राहिली. "तिच्या कुठल्या चपला, मॅडम? चैत लागल्यापासनं ती अनवानीच येती. वनीच्या गडावर चालत जायाचंय ना तिला, सप्तशृंगीला. लेकीचं बाळंतपन नीट झालं म्हनून नवस फेडायचाय. उपास बी चालूय. दुपारी जेवायला बसत नाय, म्हनून तर आमाला वाटलं, बसली आसंल कुटंतरी गारव्याला."

"अनवाणी? घरापासून?"

"घरापासनं. डांबरावरनं. तळपाय निस्ते पोळून निघत्यात, पन आयकंल तर शप्पत."

 आत सगळ्याच बायका अनवाणी, त्यामुळे लंकाबाईच्या पायात काही नाही हे उज्वलाला वेगळं असं कधी दिसलंच नव्हतं.

"मैदानात तुम्ही तिला पाहिलंत का?"

"आता काय सांगू? सगळ्याच टोपीवाल्या, सगळ्याच मास्कवाल्या. नावं कुनी पुकारलीच नाय. मी म्हनलं, आसंल मागं."

उज्वलानं खांद्यावरची ओढणी ओढून काढली आणि तिथंच, भर उन्हात, पदर न् पदर उलगडून पाहायला लागली. गडद निळं कापड. पाणी वाळल्याचे दोन-चार डाग. बाकी काही नाही. तिनं ते दोनदा पाहिलं, मग तिसऱ्यांदा पाहिलं.

"सई," ती म्हणाली, "सगळ्यांना ऑफिसात बोलाव. काकांनासुद्धा. आणि शेठना सांग, फोन खाली ठेवा."

५

ऑफिसात मयुरेश, दीपक, सई आणि चिंतामण उभे होते. चतुराबाई दाराशी टेकली होती. उज्वलानं ओढणी टेबलावर पसरली.

"लंकाबाई बाहेर आली, मोजली गेली, आणि नंतर कोणीतरी तिला आत नेलं, असं आपण धरून चाललोय. मीही तेच धरलं होतं. आता हे बघा. तिचे पाय मी यात गुंडाळले होते. ती अनवाणी येते. ती मैदानात आली असती तर फक्कीनं भरलेल्या गोलात अनवाणी उभी राहिली असती. दीपकच्या बुटाची फक्की इतक्या फरशीवर उमटली, मग हिच्या तळपायाची या निळ्या कापडावर उमटली नसती?"

मयुरेशनं ओढणी हातात घेऊन उलटसुलट केली. "पाय धुतले असतील."

"कुठं? आत पाणी फक्त बायकांच्या मोरीत आहे, आणि तिथं जायला जेवणाच्या खोलीतून जावं लागतं. तिथं बाकीच्या सगळ्या बायका बसल्या होत्या. आणि दीपकची पावलं उंबऱ्यावर थांबतात. तो तिला आत घेऊन गेला असता तर आतही पांढरं दिसलं असतं. लंकाबाई बाहेर आलीच नाही, शेठ. भोंगा वाजायच्या वेळी ती आत होती आणि आतच राहिली."

"मग बासष्ट?" सई म्हणाली. "काकांनी बासष्ट मोजले ना!"

सगळे चिंतामणकडे वळले. 

"काका," उज्वला हळूच म्हणाली, "तुमच्या खिडकीतून मैदान दिसत नाही. रॅक दिसतो. तुम्ही माणसं नाही मोजलीत. रॅक रिकामा झाला की तुम्ही आकडा देता. खरं ना?"

म्हाताऱ्यानं आधी छताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "भोंगा झाला की बायका पयल्या चपलाच घेत्यात, मॅडम. गॅस येऊ दे न्हायतर भूकंप. तापल्या भुईवर अनवानी कोन जाईल? रॅक रिकामा, म्हंजे आत कुनी नाय. तेरा वर्सांत चुकलो नाय कवा. यादीत बासष्ट व्हते, मी बासष्ट सांगितले." त्याचा आवाज एकदम खाली आला. "जिच्या पायात चपलाच नाय, ती रॅकवर दिसनार कशी?"

"आणि दीपक, तू हाका मारल्या नाहीस."

"नाय मारल्या," दीपक म्हणाला, आणि एवढा वेळ दाबून धरलेलं रडू त्याला आवरेना. "ड्रिलच हाय म्हनलं, खरं थोडंच हाय. दार ओढलं नि पळालो. मी तीनदा वरडलो असतो तर..."

मयुरेश खुर्चीत बसला. "एक गोष्ट राहिली. ती आतून गोटा दाबून बाहेर का नाही आली?"

उज्वलाला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं. द्यायला जड होतं, तरी ते तिनं दिलं.

"तो गोटा कशासाठी असतो, हे मी दीपकला शिकवलं. आणखी दोघांना शिकवलं. पॅकिंगच्या बायकांना कोल्ड रूमचं काय करायचंय, असं म्हणून त्यांना कधी सांगितलंच नाही."

तेवढ्यात सईचा फोन वाजला. तिनं ऐकलं, आणि न बोलता फोनचा स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला. पलीकडून लंकाबाईचा खोल गेलेला, पण भांडखोर आवाज आला.

"दीपकचं काय? त्यानं काय केलंय? मी माझ्या पायानं गेल्ते आत. मोजून झाल्यावर बी मैदानात पंधरा मिंटं हुबं ऱ्हायाचं, मागल्या वक्ताला बी ऱ्हायलो व्हतो. माझं तळपाय आधीच फोडांनी भरल्यात. म्हनलं खोटा तर खोटा भोंगा, बसावं जरा गारव्याला. तर दारच लागलं. लय वरडले. पंख्यात कुनाला आयकू जानार? दाराला हिरवं काईतरी चमकत व्हतं, वाटलं दिवा हाय. मंग चक्कर आली." आवाज जरा थांबला. "पोराला बोलू नका कुनी. आन माझा रोज कापू नका."

चतुराबाईनं पदर डोळ्यांना लावला. मयुरेशनं वकिलाला फोन करून 'येऊ नका' असं सांगितलं. पाचला दहा कमी होते.

६

बाकीचे गेले तरी चिंतामण उभाच होता. केबिनीतून त्यानं ती काचेची चौकट आणली होती. ती त्यानं टेबलावर उपडी ठेवली.

"हे घ्या, मॅडम. आन शेठला सांगा, मी उद्यापासनं येत नाय."

उज्वलानं चौकट सुलटी केली. जलद मोजणी. खाली तिची स्वतःची सही, ठसठशीत. इतक्या लवकर मोजलंत कसं, असं तिनं गेल्या वर्षी विचारलं नव्हतं. उलट टाळ्या वाजवल्या होत्या आणि जिथं जाईल तिथं हा आकडा सांगत सुटली होती. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"काका, तुम्हाला घाई मी शिकवली," ती म्हणाली. "तुम्ही उद्या यायचं. आणि आठ दिवसांनी मीही येणार."

त्या संध्याकाळी अहवालाच्या कागदावर 'त्रुटी कोणाची' असा रकाना आला, तेव्हा तिनं पहिलं नाव स्वतःचं लिहिलं.

आठ दिवसांनी पुन्हा भोंगा वाजला. त्याआधी सगळ्या बायकांना एकेक करून कोल्ड रूममध्ये नेऊन तो हिरवा गोटा दाबायला लावला होता. लंकाबाईनं तर तो चार वेळा दाबला. दीपकनं दारात उभं राहून इतक्या मोठ्यानं तीन हाका मारल्या की शेजारच्या मळ्यातली माणसं धावत आली. चिंतामणनं दारापासून मैदानापर्यंत गोणपाटं भिजवून अंथरली होती, आणि त्यांच्यावरून लंकाबाई पायांना पट्ट्या बांधून, पण अनवाणीच, ऐटीत चालत गेली. गडावर जायला अजून चार दिवस होते.

सईनं एकेक नाव पुकारलं. प्रत्येकीनं मास्क खाली ओढून 'हजर' म्हटलं. मयुरेश घड्याळाकडे बघून चुळबुळत होता.

"अकरा मिनिटं, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "गेल्या वर्षी अडीच होती."

"अकरा लिहा," उज्वला म्हणाली. "सई, झाली ना नावं? बासष्ट?"

"बासष्टपैकी बासष्ट, मॅडम."

"थांब गं," लंकाबाई गोलातून म्हणाली. "मॅडमचं नाव कुटं पुकारलं?"

सईनं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. नाव नव्हतंच. मागच्या ड्रिललाही नव्हतं, त्याच्या आधीच्याही नव्हतं. बावीस वर्षं भोंगा वाजवणारी बाई भोंग्याच्या बटणाजवळ, अमोनियाच्या टाकीपासून दहा पावलांवर एकटी उभी राहायची, आणि ती बाहेर आली की नाही हे कोणी कधीच मोजलं नव्हतं. 

सईनं यादीच्या तळाशी पेननं त्रेसष्टावं नाव लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "उज्वला गायधनी."

सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या.

"हजर," उज्वला म्हणाली.